कांचनमुक्तीचा प्रयोग आणि वर्धा जिल्ह्यातील संपत्तिविचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या विद्येवरून वा चारित्र्यावरून न ठरता त्याच्याजवळील संपत्तीवरून ठरू लागली आहे, अशी खंत आज सर्वत्र व्यक्त होते. या खंतीचे पर्यवसान बहुधा उपदेशात होते. लोभ सोडावा, गरजा कमी कराव्यात, एवढे सांगून चर्चा थांबते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्धा येथे मात्र या प्रश्नाचा विचार अधिक मूलगामी रीतीने झाला. तो कोणत्या आर्थिक परिस्थितीत झाला आणि त्याची मर्यादा कोणती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कापूस आणि रोख पैसा

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व हिंदुस्थानातील कापसाचे भाव चढले. हिंगणघाटच्या कापसाचा लौकिक होताच. १८६६ मध्ये पालकवाडी या वस्तीच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले आणि १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. युद्धानंतर भाव कोसळले, तरी नगदी पिकाची पद्धत कायम राहिली. सारा रोख, सावकाराचे देणे रोख आणि कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरणारा, अशा स्थितीत शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल त्याच्या हाती राहिले नाही. वर्ध्याचा संपत्तिविचार कापसाच्या पेठेत जन्मला, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

संपत्तीच्या प्रश्नाची तीन उत्तरे

पहिले उत्तर जमनालाल बजाज (१८८९-१९४२) यांचे होय. वर्ध्यातील शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते दत्तक आले होते. दागिने घालण्यावरून झालेल्या वादानंतर, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी घराण्याच्या संपत्तीवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहिले. पुढे वारसा मिळाला तेव्हा त्याकडे त्यांनी विश्वस्ताच्या नात्याने पाहिले. १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. या भूमिकेत संपत्ती धनिकाकडेच राहते, तिच्या विनियोगाचा हेतू मात्र बदलतो.

दुसरे उत्तर जे. सी. कुमारप्पा यांचे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्यातील मगनवाडीतून चालले. कुमारप्पांनी विनियोगाऐवजी उत्पादनावर बोट ठेवले. हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, हातकागद हे उद्योग गावात राहिल्यास गावाचा पैसा गावाबाहेर जाणार नाही, अशी त्यांची मांडणी होती.

तिसरे आणि सर्वांत धाडसी उत्तर विनोबा भावे यांचे. पवनार येथील परंधाम आश्रमात १९५० मध्ये त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. आश्रमाने पैशाचे दान घेऊ नये, शक्य तितक्या गरजा स्वतःच्या श्रमाने भागवाव्यात, असे ठरले. बैलांविना, केवळ हातांनी कसलेली ‘ऋषिशेती’ हा त्याचा गाभा होता. धान्याची भूक भागविण्याची शक्ती आज जेवढी तेवढीच उद्या असते, पैशाचे मूल्य मात्र बदलत राहते. म्हणून पैशाला जीवनाचे माप मानू नये, हा त्यामागील तर्क होता.

प्रयोगाची मर्यादा

मार्च १९५१ मध्ये विनोबा शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ म्हणून हा प्रसंग सर्वपरिचित आहे. कांचनमुक्तीच्या संदर्भात मात्र त्याचा वेगळा अर्थ लागतो. आश्रमाजवळ कसण्यास जमीन होती आणि डोक्यावर कर्ज नव्हते, म्हणून पैसा दूर ठेवणे त्याला शक्य झाले. भूमिहीन मजुराला मजुरीच्या पैशावाचून धान्यही मिळत नाही. ज्याच्याजवळ साधन नाही, त्याला कांचनमुक्तीचा उपदेश व्यर्थ ठरतो.

या मर्यादेचा उत्तरकालीन पुरावा वर्धा जिल्ह्यातच मिळतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्ध्याचा समावेश होता. ज्या जिल्ह्यात पैशाविना जगण्याचा प्रयोग झाला, तेथील कापूस उत्पादक बियाणे, खते, कीटकनाशके, शिक्षण आणि औषधोपचार या सर्वांसाठी रोख पैशावर व पर्यायाने कर्जावर अवलंबून होता. त्याच्या पैशाच्या चिंतेला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष

संपत्तीचा ध्यास हा केवळ मनोवृत्तीचा दोष नसून बऱ्याच अंशी परावलंबनाचा परिणाम आहे, असे वर्ध्याच्या इतिहासावरून दिसून येते. जमनालालजींनी हेतू, कुमारप्पांनी उत्पादन आणि विनोबांनी विनिमयाचे माप बदलण्याचा प्रयत्न केला. साधनांच्या मालकीचा प्रश्न मात्र पोचमपल्लीला उभा राहिला आणि तो सुटलेला नाही. धनिकाचा संचय आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची विवंचना यांना ‘भौतिकवाद’ या एकाच नावाखाली बसवून विद्यार्थ्यांना नीतीचे पाठ देण्यापूर्वी, अध्यापकांनी हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.