चौथीच्या वर्गातला बेळगावचा किल्ला

दिवाळी आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. तांबडी माती, दगड, गोणपाट, उतारावर पेरलेली मोहरी आणि माथ्यावर महाराज. गंमत म्हणजे हे सगळे डोंगरी किल्ले. रायगड, प्रतापगड, फार तर आपल्या येळ्ळूरचा राजहंसगड. शहरातला आपला स्वतःचा भुईकोट मात्र सहसा कोणी करत नाही. सपाट किल्ला करून दाखवायचं काय, असं वाटत असावं.

तोच किल्ला चौथीच्या मुलांकडून करून घ्यावा म्हणून मी एका शाळेत गेलो. मी मूळचा सिव्हिल इंजिनिअर, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पहिल्या वर्षी सवयीप्रमाणे थर्माकोलचे तुकडे मापात कापून नेले. मुलांनी पाऊण तासात किल्ला जोडला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आठवड्याने विचारलं, "खंदक कशासाठी असतो?" एकजण म्हणाला, "शोभेसाठी." चूक त्याची नव्हती. विचार करायचं सगळं काम मीच घरी उरकून आणलं होतं.

दुसऱ्या वर्षी माती नेली आणि एक अट घातली: किल्ला कुठल्या सालचा ते आधी ठरवायचं. कारण आदल्या वर्षी रट्टांच्या काळातली, १२०४ ची कमल बस्ती, सोळाव्या शतकातली सफा मशीद आणि इंग्रजांच्या तोफा असं सगळं एकाच पाटावर नांदत होतं. (मोठी माणसंही किल्ल्याबद्दल बोलताना हेच करतात, पण ते असो.)

आम्ही १४७२ घेतलं. बहामनी वजीर महमूद गावान गोवा जिंकून बेळगावावर चालून आला, सुलतान तिसरा महंमद स्वतः छावणीत होता. वेढ्याची हकीकत फरिश्ता देतो. बहामनी फौजेनं खंदक बुजवायला घ्यावा आणि आतल्यांनी ती भर रात्री काढून टाकावी, असं चाललं होतं. शेवटी गावाननं तटाखाली सुरुंग खणून दारू भरली आणि तटाला खिंडार पाडलं. दख्खनमध्ये सुरुंगाचा हा अगदी सुरुवातीचा वापर मानतात.

मुलांची पहिली अडचण वेगळीच होती. वेढा सुरू व्हायच्या आधीच "भिंत पडली की ओ सर!" अशी ओरड झाली. त्यांनी तट ताठ उभा केला होता. मी गप्प राहिलो, म्हणजे मोठ्या कष्टानं राहिलो. तिसऱ्यांदा पडल्यावर एका मुलीनं बूड रुंद करून भिंत वर निमुळती नेली. मी हे कॉलेजात आकृत्या काढून शिकलो होतो. खंदकात ओतलेलं पाणी मातीत जिरायला लागलं, तेव्हा खाली प्लास्टिक अंथरलं.

मग दोन गट पाडले. बाहेरच्यांनी मूठ-मूठ माती टाकून खंदक बुजवायचा. मी "रात्र झाली" म्हटलं की आतल्यांनी ती उपसायची. चार रात्रींत बाहेरचे वैतागले. "असं कधीच संपणार नाही," असं एकजण म्हणाला, तेव्हा मी गावानची युक्ती सांगितली. आम्ही दारू वापरणार नव्हतोच. चमच्यानं पायाखालची माती हळूहळू काढली आणि रुंद बुडाचा तोही तट खाली बसला. वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. खंदक कशासाठी, हे त्यानंतर मला विचारावं लागलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, "आतली माणसं पाणी कुठलं पीत होती?"

शेवटी एकानं काडी हातात घेऊन विचारलं, "सर, झेंडा कुठला लावू?" बेळगावात हा प्रश्न साधा नाही. वर्गात मराठी बोलणारी मुलं होती तशी घरी कन्नड आणि उर्दू बोलणारीही होती. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साल कुठलं?" तेव्हा तट लढवणारा राय विजयनगरच्या बाजूचा, बाहेर बहामनी सुलतान. आज गावात फडकणाऱ्या झेंड्यांपैकी एकही तिथे बसेना. बरीच वादावादी झाली आणि काडी रिकामीच रोवली गेली. प्रदर्शनात दोघा-तिघा पालकांनी झेंडा राहिला म्हणून सांगितलं, एकानं तर आणूनही दिला. मुलांनी तो ठेवून घेतला, लावला नाही.

यंदा १८१८ करायचं ठरतंय. मन्रोच्या तोफा बाहेरून डागायच्या, म्हणजे खंदकापलीकडची जमीन पाटावर घ्यावी लागणार. पाट मोठा हवा. सुताराशी बोलणं चालू आहे.