पाताळगंगेचे घाटावरील पाणी

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील नद्यांचा इतिहास दोन निरनिराळ्या कालमानांनी लिहावा लागतो. पहिल्याचे एकक दशलक्ष वर्षांचे आहे. दुसऱ्याचा आरंभ १९१५ साली होतो. दोहोंत घडलेली क्रिया मात्र तत्त्वतः एकच, आणि ती म्हणजे पूर्वसमुद्राकडे निघालेले घाटमाथ्यावरील पाणी कोकणात उतरणे. रसायनीच्या पाताळगंगेवर या दोन्ही इतिहासांचा ठसा उमटलेला असल्याने तिचा विचार येथे मुख्यत्वे केला आहे.

दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून गोठला. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला व पठाराला पश्चिमेकडे तुटलेली कड प्राप्त झाली. पूर्ववाहिनी नद्यांना समुद्र गाठण्यास शेकडो कोस जावे लागते. पश्चिमेकडील ओढ्यांना तोच उतार काही मैलांत मिळतो. साहजिकच पश्चिमेचे ओढे आपल्या उगमाकडे अधिक वेगाने खणत गेले आणि सह्याद्रीची भिंत पूर्वेकडे हटत गेली. याचा पुरावा शोधण्यास रसायनीकरांना दूर जावयास नको. माणिकगड, प्रबळगड, इर्शाळगड आणि माथेरान हे घाटाच्याच आडव्या खडकथरांचे मागे राहिलेले अवशेष आहेत. त्यांच्या व आजच्या घाटाच्या मधला प्रदेश उत्तरेस उल्हासने व दक्षिणेस पाताळगंगेने कोरून नेला. ही झीज थांबलेली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा भूशास्त्राच्या संथ कालमानातील एक क्षण माणसांच्या वाट्याला आला.

दुसरा पुरावा माथ्यावर आहे. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे, कड्यापासून अगदी जवळ होतो. परंतु तेथील खोरे पाहता ते एखाद्या कोवळ्या ओहोळाचे वाटत नाही, इतके ते रुंद आहे. त्याचा वरचा भाग कड्याबरोबर नाहीसा झाला असावा, हाच अर्थ मला ग्राह्य वाटतो. एका नदीने दुसरीचे पाणी ओढून घेण्याला आपले भूगोलकार ‘नदीचौर्य’ म्हणतात. शब्द मोठा अन्वर्थक आहे. मात्र नदीवर चोरीचा आळ घेणारी भाषा माणसाने तेच केले असता ‘प्रकल्प’ हा शब्द योजते, हेही भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

तो प्रकल्प असा. घाटावर पावसाचे पाणी अडवून ते कड्यावरून खाली सोडावे आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांची; जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली, परंतु १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली व १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळे, वळवण व शिरवटे येथील तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून उतरू लागले. देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जावयाचे पाणी खोपोलीस पाताळगंगेत पडून धरमतरच्या खाडीकडे वाहू लागले. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले आणि आंद्रा नदीचे पाणी त्याच रीतीने उल्हासच्या खोऱ्यात आले. कड्याच्या माघारीस जे साधावयास लाखो वर्षे लागली असती ते सात वर्षांच्या अंतराने दोनदा घडले. तिसऱ्या, मुळशीच्या धरणाच्या वेळी मात्र बुडणाऱ्या जमिनींचा प्रश्न १९२१ च्या सत्याग्रहाने ऐरणीवर आणला.

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळ्यात उधाणतात व फाल्गुनापासून डबक्यांपुरत्या उरतात. पाताळगंगा वीजगृहाच्या पाण्याने बारमाही झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना मोहोपाड्याच्या परिसरात आला, त्यामागोमाग इतरही आले. या वसाहतीला उन्हाळ्यातही पाणी लागते आणि ते या नदीतून मिळते. ‘रसायनी’ हे नावही या कारखान्यांच्या काळाचेच. ‘पाताळगंगा’ हे त्याहून जुने नाव घाटावरून खाली पाहणाऱ्याने ठेवले असावे असे मला वाटते. ते सिद्ध करता येणार नाही, पण कोकणाच्या तळाशी राहणाऱ्याला आपली नदी पाताळात आहे असे सुचण्याचे कारण नव्हते.

आता हे पाणी कोणाचे? कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात हे पश्चिमेकडे वळविलेले पाणी महाराष्ट्राच्या वाट्याच्या हिशेबात धरले. भीमेच्या खोऱ्यातील अवर्षणग्रस्त तालुक्यांसाठी ते पुन्हा पूर्वेकडे सोडावे, ही मागणी वेळोवेळी होत आली आहे आणि न्यायाच्या दृष्टीने ती निराधार म्हणता येत नाही. परंतु शंभर वर्षांत खालच्या खोऱ्यात या प्रवाहावर शेती, नळयोजना व कारखाने उभे राहिले. तो आटला तर चैत्रातली पाताळगंगा १९१५ पूर्वीची होईल, आणि कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यापुरतेही पाणी तिच्यात राहणार नाही. आजही उन्हाळ्यात आपट्याच्या वर नदी किती भरून वाहावी, हे खोपोलीला त्या दिवशी किती वीज निर्माण केली जाते यावर पुष्कळसे अवलंबून असते.