मेहर, दागिने आणि बँक खातं : बाईच्या हक्काच्या पैशाचा हिशोब

घरात मय्यत ठेवलेली असते. बायका कुराण पढत बसलेल्या असतात. त्यातलीच एखादी बुजुर्ग खाला नुकत्याच बेवा झालेल्या बाईच्या कानाशी येते आणि म्हणते, "मेहर माफ केलं म्हण बेटी, मरहूमवर बोजा नको." रडून बेजार झालेली ती बाई मान हलवते. मेहर किती होतं, दिलं होतं की बाकी होतं, हे तिला त्या वेळी आठवतही नसतं. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे.

मेहर हे शौहरवरचं कर्ज आहे. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत ते खुशीने देण्याचा हुकूम आहे, आणि बायकोने आपल्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तरच ते शौहरला घेता येतं. मय्यतीसमोर चार जणी सांगतात म्हणून हलवलेल्या मानेला मर्जी कसं म्हणायचं? मरहूमच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसियत (एक तृतीयांशापर्यंत) आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, असा क्रम आहे. न दिलेलं मेहर कर्जात येतं. म्हणजे मुलांच्या, भावांच्या हिश्शाआधी.

एक हिशोब करून बघू. समजा एका माणसामागे १७ लाख रुपये राहिले. आई-वडील हयात नाहीत. बायको, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. मेहर १ लाख बाकी आहे, दुसरं कर्ज किंवा वसियत नाही. आधी १ लाख बायकोला मेहरचे. उरले १६ लाख. मुलंबाळं असल्यामुळे बायकोचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे २ लाख. उरलेल्या १४ लाखांत मुलाला ७ आणि दोन्ही मुलींना साडेतीन-साडेतीन लाख. मूलबाळ नसतं तर बायकोचा हिस्सा एक चतुर्थांश झाला असता. मेहर आणि वारसा हे दोन वेगळे हक्क आहेत. "हिस्सा मिळाला ना, मग मेहर कशाला?" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

मेहर दोन प्रकारचं असतं. मागताच द्यायचं ते मुअज्जल, आणि पुढे ठेवलेलं (मुदतीवर, नाहीतर तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायचं) ते मुवज्जल. ऐकायला दोन्ही शब्द जवळपास सारखे असल्यामुळे निकाहनाम्यात गोंधळ होतो. तेव्हा "नगद" की "बाकी" हे साध्या शब्दांत लिहून घ्यावं. कोर्टात दावा करायची वेळ आलीच तर मुदत ३ वर्षांची आहे. बाकी मेहरसाठी ती निकाह संपल्यापासून, म्हणजे मृत्यू किंवा तलाकपासून मोजतात. भावांच्या आणि दिरांच्या बैठका होत राहतात आणि ही मुदत गुपचूप निघून जाते.

रकमेबद्दलही बोलायला हवं. २००० साली एखाद्या मुलीचं मेहर ११ हजार ठरलं असेल, तर तेव्हा त्यात जवळपास पंचवीस ग्रॅम सोनं येत होतं. आज तेवढ्या पैशात त्याच्या कितीतरी कमी सोनं येईल. कागदावर आकडा तोच आहे, पण मेहर विरघळून गेलं. म्हणून बाकी ठेवायचं असेल तर मेहर सोन्या-चांदीच्या वजनात लिहावं. मेहर-ए-फातिमी ५०० दिरहम चांदीचं धरतात, म्हणजे सुमारे दीड किलो चांदी. ७८६ रुपये मेहर बांधून बरकतीचा आकडा म्हणणाऱ्यांनी मुलीच्या जागी बसून एकदा विचार करावा.

दागिने कुणाचे?

माहेरचे दागिने मुलीचे, यावर सहसा वाद नसतो. वाद होतो सासरहून चढवलेल्या दागिन्यांवर. बक्षीस म्हणून दिले की फक्त घालायला दिले, हे निकाहच्या धामधुमीत कुणी बोलत नाही, आणि वर्षांनंतर प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. दोन्ही घरच्यांच्या सह्यांची यादी, वजनासह, आणि सोनाराची पावती मुलीच्या नावाने: एवढं केलं तरी पुढचं निम्मं भांडण वाचतं. १९८६ च्या मुस्लिम महिला (तलाकनंतर हक्क संरक्षण) कायद्यानुसार तलाकनंतर बाईला मेहर तर मिळालंच पाहिजे, शिवाय निकाहच्या आधी, निकाहमध्ये किंवा नंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, शौहरने आणि सासरच्यांनी तिला दिलेली चीजवस्तूही तिचीच. २००१ साली दानियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कायद्याचा अर्थ लावला. तलाकशुदा बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद शौहरने करायची, आणि ती इद्दतच्या काळातच करायची, असं कोर्टाने सांगितलं.

दागिने बाईचे म्हटल्यावर त्यांची जकातही तिच्याच जिम्म्यावर येते. हनफी मसलकात घालायच्या दागिन्यांवरही जकात आहे. निसाब सोन्यासाठी साडेसात तोळे (८७.४८ ग्रॅम), चांदीसाठी साडेबावन्न तोळे (६१२.३६ ग्रॅम), आणि एक कमरी वर्ष झाल्यावर अडीच टक्के. सोन्यासोबत थोडी रोकड असेल तर दोन्हींची किंमत एकत्र धरून चांदीच्या निसाबाशी ताडतात, त्यामुळे चार तोळेवालीवरही जकात येऊ शकते. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत. त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी घरात दिलेल्या कोकणी मुलीने आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

सोनं घेताना हॉलमार्क बघा. त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिना खरा नोंदलेला आहे की नाही ते कळतं. पावतीवर वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा.

खातं नावावर, मोबाईल दुसऱ्याचा

'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये २०२४ मध्ये सुरू झाले आणि अनेक घरांत बाईच्या नावाचं पहिलं चालू खातं त्यामुळे झालं. पण एटीएम कार्ड शौहरच्या पाकिटात आणि बँकेला दिलेला मोबाईल नंबर मुलाचा, हेही तितकंच खरं. ओटीपी ज्याच्या मोबाईलवर, खातं त्याच्या हातात. बँकेत जाऊन स्वतःचा नंबर जोडायला एक फॉर्म लागतो. जन धन किंवा बेसिक बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. व्याजाची रक्कम कशी वेगळी काढायची, यासाठी आपल्या मुफ्तींना विचारावं, पण व्याजाच्या भीतीने खातंच न काढणं म्हणजे पैसा दुसऱ्याच्या ताब्यात देणं.

नॉमिनीबद्दल मोठा गैरसमज आहे. बँक ठेवीचा नॉमिनी मालक होत नाही. तो बँकेकडून पैसा घेणारा हात असतो, वाटणी वारसांमध्येच होते. शौहरने नॉमिनी म्हणून भावाचं नाव टाकलं असेल तरी बेवेचा हिस्सा बुडत नाही. उलट, बाई स्वतः नॉमिनी असेल तर तिलाही इतरांचे हिस्से द्यावे लागतात.

हाच प्रश्न बहिणींच्या बाबतीत येतो. अब्बांच्या इंतकालनंतर भाऊ तलाठ्याकडे वारस नोंद करतात आणि बहिणींच्या समोर हक्कसोड पत्र ठेवतात. "माहेर तुटेल" ही भीती खरी आहे, तिच्यावर हसू नये. पण कागद मराठीत मोठ्याने वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका, आणि भाऊ हिश्शाच्या बदल्यात काही देतो म्हणाला तर ते त्याच कागदात लिहून घ्या. हेच इद्दतमधल्या बेवेलाही लागू आहे. चार महिने दहा दिवसांत कुणालाही सही देण्याची घाई नसते. एक बारकावा: १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शेतीच्या हिश्शासाठी वकिलाला सातबारा दाखवूनच पुढे जा.

साठवलेला पैसा ठेवायचा कुठे? भिशी आपल्या बायकांची जुनी बँक आहे. सगळ्यांनी सारखं भरायचं, पाळीने सारखं उचलायचं, तर त्यात व्याज नाही. लिलाव भिशीत मात्र घाईची गरज असलेली बाई कमी रक्कम उचलते आणि फरक बाकीच्या वाटून घेतात. तिथे विचारून पाऊल टाकावं. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही. शेअर बाजारात टाटा एथिकल, टॉरस एथिकल असे शरियत निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड आहेत, पण त्यात नुकसानही होऊ शकतं. आणि नफा ठरलेला, हमखास, वर 'हलाल' असा शिक्का कुणी दाखवला तर थांबा. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीत हजारो मुस्लिम घरांचा पैसा होता, कित्येक बायकांनी दागिनेही ठेवले होते. जून २०१९ मध्ये ती कोसळली. असा माणूस दारात आला तर त्याच्या कंपनीचा सेबी किंवा रिझर्व्ह बँकेकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या वेबसाईटवर स्वतः तपासा. ओळखीच्या मौलानांनी पैसे लावलेत, हा नोंदणी क्रमांक नव्हे.