२४ वर्षं भांडून मिळालेले १४ दिवस

एखादी सबंध संसद कापडात गुंडाळायची. वरून दोरीने करकचून बांधायची. दोन आठवडे तशीच ठेवायची आणि मग सगळं सोडवून घरी जायचं. असा प्रस्ताव घेऊन कोणी आलं तर तुम्ही काय म्हणाल? जर्मनांनी तीनदा 'नाही' म्हटलं, १९७७, १९८१ आणि १९८७ साली. चौथ्या वेळी मात्र त्यांनी चक्क संसदेत मतदान घेतलं!

मंडळी, हा उद्योग क्रिस्तो आणि जान-क्लोद या नवरा-बायकोचा. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५. ती कॅसाब्लांकाची, तो बल्गेरियातल्या गाब्रोवोचा. क्रिस्तो सोफियाला कला शिकत होता तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. ओरिएंट एक्सप्रेस ज्या मार्गाने जायची, त्याच्या कडेची शेतं नीटनेटकी दिसावीत म्हणून सरकार विद्यार्थ्यांना तिकडे धाडायचं. ट्रॅक्टर कुठे उभे करायचे, गवताच्या गंजी ताडपत्रीने कशा झाकायच्या, हे ही पोरं ठरवायची. का, तर गाडीतल्या पाश्चिमात्य पाहुण्यांना समृद्धी दिसावी! पुढे १९५७ साली हा पठ्ठ्या पश्चिमेकडे पळाला. ताडपत्रीचं शिक्षण मात्र सोबत घेऊन गेला असावा (हे आपलं माझं मत).

१९७१ साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या मायकेल कलन नावाच्या अमेरिकन माणसाने त्यांना एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यात सुचवलं होतं, राइशटाग गुंडाळा. ही इमारत १८९४ सालची. १९३३ मध्ये तिला आग लागली आणि हिटलरला निमित्त मिळालं. १९४५ मध्ये तिच्यावर सोव्हिएत झेंडा लागला. मग भिंत आली, ती नेमकी इमारतीच्या पाठीमागून. म्हणजे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, दोन्हीकडून दिसणारी, पण धड कोणाचीच नसलेली वास्तू. पूर्वेतून पळून आलेल्या माणसाला हिची भुरळ पडली नसती तरच नवल.

बरं, परवानगी मागायची तरी किती जणांकडे? आमच्या धंद्यात क्लायंटचा सिग्नॉफ तीन महिने लांबला तर आम्ही बोंब ठोकतो. इथे २४ वर्षं! मधल्या काळात भिंत पडली, दोन जर्मनी एक झाले, १९९१ मध्ये राजधानी बर्लिनला न्यायचं ठरलं. आणि एवढ्यात ही ओसाड वास्तू पुन्हा खरीखुरी संसद होणार, असं दिसू लागलं.

म्हणूनच २५ फेब्रुवारी १९९४ ची चर्चा वाचण्यासारखी आहे. विरोधात बोलणारा वोल्फगांग शॉयब्ल काही कलेचा अडाणी शत्रू नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं, की राष्ट्राची प्रतीकं लोकांना जोडण्यासाठी असतात, त्यांच्यावर प्रयोग केले तर लोक दुभंगतील. चॅन्सेलर हेल्मुट कोलही विरोधातच होता. खरं सांगायचं तर हा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. नुकताच एक झालेला देश, त्यात ज्या घराला राखेचा वास आहे, ते घर दोन कलाकारांच्या हाती द्यायचं? तरीही २९२ विरुद्ध २२३ मतांनी ठराव मंजूर झाला. मला वाटतं, कापड १४ दिवसांनी उतरणार हे ठाऊक होतं म्हणूनच एवढे हात वर झाले. तिथे कायमचा पुतळा उभारायचा असता तर आजही समित्या बसलेल्या असत्या.

जून १९९५. चंदेरी चमकीचं एक लाख चौरस मीटरहून जास्त कापड, म्हणजे जवळजवळ २५ एकर. १५.६ किलोमीटर निळी दोरी. ९० गिर्यारोहक छतावरून लोंबकळत कापड सोडत होते. २४ तारखेला काम पुरं झालं आणि दोन आठवड्यांत सुमारे ५० लाख माणसं बघायला आली. तिकीट नाही, स्पॉन्सर नाही, सरकारी अनुदान नाही. मुदत वाढवा अशी मागणी झाली, ती दोघांनी नाकारली. ७ जुलैपासून कापड उतरायला लागलं. मग इमारत नॉर्मन फोस्टरच्या ताब्यात गेली, काचेचा घुमट आला आणि १९९९ मध्ये खासदार आत बसले.

आपल्याला यात काय नवल, असं कोणी म्हणेल. आपण दरवर्षी गणपती बुडवतोच की! पण आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून निरोप देतो. विसर्जनात परत येण्याची खात्री असते. इथे पुढचं वर्षच नव्हतं.

आता एक खोच. हे सगळं क्षणभंगुर, मग पैसे कुठून आले? क्रिस्तोने आधी काढलेली रेखाचित्रं आणि कोलाज विकून. म्हणजे कापड गेलं, कागद मात्र फ्रेममध्ये, संग्रहालयांत टिकून आहेत. कोणी याला ढोंग म्हणेल. मी नाही म्हणणार. एकतर प्रकल्प झाला की क्रिस्तो त्याचं चित्र काढणं थांबवायचा. इमारत उघडी झाल्यावर गुंडाळलेल्या राइशटागचं नवीन चित्र नाही! दुसरं म्हणजे, कागद विकले म्हणूनच त्या कापडावर कोणा बँकेचं नाव आलं नाही. विकता येईल ते विकून, विकता न येणारं उभं केलं. हिशेब मला पटतो.

जान-क्लोद २००९ मध्ये गेली, क्रिस्तो २०२० मध्ये. ३० वर्षं झाली म्हणून जून २०२५ मध्ये त्याच इमारतीवर रात्री प्रोजेक्टरने कापडाच्या घड्या दाखवल्या. फोटो बघितले, छान आहेत. फक्त ९५ साली लोक जवळ जाऊन ते कापड हाताने चाचपून बघत होते, त्याच्या सुरकुत्यांवरून बोटं फिरवत होते.