चालू होते, पण चालू राहत नाही

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, सेनगाव या भागांतून जाताना शेतांमधून एकसारखा भर्र आवाज कानी येत असतो. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर फवारणी चाललेली असते आणि पाठीवरच्या पंपाचे लहानसे पेट्रोल इंजिन हा आवाज करीत असते. कधी हा आवाज मधेच तुटतो. दोरी ओढली की इंजिन पुन्हा सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते आणि पुन्हा बंद पडते. अशा वेळी जाणता मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी टाकीचे झाकण थोडे सैल करून पाहतो. झाकण सैल केल्यावर इंजिन नीट चालले, तर दोष इंजिनात नसून झाकणाच्या बारीक छिद्रात आहे हे त्याला कळते. छिद्र चिखलाने बुजले की टाकीत बाहेरची हवा शिरत नाही. पेट्रोल जसजसे कमी होते, तसतसा टाकीतील दाब घटतो आणि अखेर पेट्रोल खाली उतरेनासे होते.

वर्गात हे दाखवायला पेट्रोलची मुळीच गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ दाभणाने छिद्र पाडावे, बाटलीत पाणी भरावे आणि बूच घट्ट लावावे. धार थोडा वेळ वाहून थांबते. बूच सैल केले की पुन्हा वाहू लागते.

इंजिन सुरू करणे आणि ते सुरू ठेवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासात दुसरा प्रश्न अधिक चिवट ठरला, असे आम्हाला वाटते. पाठ्यपुस्तकांत मात्र पहिल्याचीच कथा येते. निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले, इथे धडा संपतो. ऑटोचे इंजिन दगडी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर चाले. हा वायू शहरातल्या दिवाबत्तीच्या नळातून येत असे, त्यामुळे इंधन मुळातच वायुरूप आणि पुरवठा अखंड. पण इंजिन त्या नळाला दावणीच्या बैलासारखे बांधलेले होते. दावे सोडायचे तर इंधन सोबत न्यायला हवे, म्हणजे ते द्रव हवे. आणि द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. सारी अडचण या एका वाक्यात आहे.

गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे ऑटोच्याच कारखान्यात काम करीत. १८८२ साली ते तेथून बाहेर पडले व कानष्टाट येथे हलके, वेगवान इंजिन बनविण्याच्या मागे लागले. त्या काळचे कार्ब्युरेटर अगदी साधे होते. भांड्यात पेट्रोल ठेवायचे आणि त्यावरून किंवा त्यातून हवा ओढायची. हवा जाताना सोबत वाफ घेऊन जाई. पण पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. तो अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक आधी उडून जातात. त्यामुळे सकाळी भांडे भरल्यावर इंजिन झोकात चाले. नंतर भांड्यात जड गाळसाळ उरे, मिश्रण विरळ होई आणि इंजिन अडखळू लागे. शिवाय थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त.

अशाच कार्ब्युरेटरची गाडी घेऊन ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ ही स्त्री, पती कार्ल याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइम या माहेरगावी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. तोवर एवढा पल्ला कोणत्याही मोटारगाडीने गाठला नव्हता. वाटेत इंधन संपले, तेव्हा तिने वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे लिग्रोइन विकत घेतले. इंधनाचा मार्ग तुंबला, तो तिने टोपीच्या पिनेने मोकळा केला. ठिणगीच्या तारेचे आवरण गेले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. या गोष्टी बेंझ कुटुंबाच्या आठवणींतून आल्या आहेत, तेव्हा त्यांवर थोडा रंग चढला असेल. पण तिने दूर केलेले दोष पाहा: एकदा इंधन पोचत नव्हते, एकदा ठिणगी. आज हिंगोलीच्या बाजारातला मेकॅनिक बंद पडलेल्या पंपात आधी हेच दोन शोधतो. बेर्टाला यांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण मिळालेले नव्हते, हेही मुलींच्या वर्गात आवर्जून सांगावे.

इंधनाच्या बाजूचे उत्तर १८९३ साली सापडले. बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी आणि काही महिन्यांच्या अंतराने जर्मनीत मायबाखने तुषार कार्ब्युरेटर बनविला. वाफ आपोआप होण्याची वाट पाहायची नाही. बारीक तोटीतून, म्हणजे जेटमधून, पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडायचा. झोत अरुंद गळ्यातून जाताना त्याचा वेग वाढतो व दाब घटतो, म्हणून पेट्रोल वर ओढले जाते. हे तत्त्व व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ सालीच मांडले होते. तोटीपाशी पेट्रोलची पातळी सारखी राहावी म्हणून एक तरंगता गोळा बसवला. घराच्या टाकीतला फ्लोट तो हाच. फवाऱ्यामुळे हलके-जड सारे घटक एकाच प्रमाणात जाऊ लागले आणि इंजिनाचा मूडपणा पुष्कळ कमी झाला. पण नवी सोय नवा रोग घेऊन आली. जेटचे छिद्र सुईच्या अग्राएवढे. धुळीचा एक कण किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्याला पुरतो.

ठिणगीची बाजू रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने सोडवली. तेथील गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि ठिणगी-प्लग यांची जोडी तयार केली. बॅटरी नको, चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष गतीतूनच वीज निर्माण होते. पाठीवरच्या पंपात आजही चुंबक फिरत्या चाकात बसवलेला असतो आणि तो वेटोळ्याजवळून जाताना ठिणगी पडते. हे वेटोळे जुने झाले की एक फसवा दोष उद्भवतो. थंड असताना ठिणगी उत्तम, तापल्यावर गायब. लक्षण तेच, झाकण तुंबल्याचे: दहा मिनिटे चालून बंद.

मग ओळखायचे कसे? झाकण सैल करताच इंजिन चालू झाले, तर वाट टाकीची. झाकण उघडूनही उपयोग झाला नाही, पण अर्धा तास निवू दिल्यावर सुरू झाले, तर संशय वेटोळ्यावर. बंद पडल्याबरोबर काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल, तर पोचते पण पेटत नाही. दोन कारणांचे लक्षण एक असेल, तर त्यांचे भाकीत जिथे वेगळे होते अशी चाचणी निवडायची. प्रयोगशाळेतली रीत याहून निराळी नसते. सगळे सुटे करून साफ करणाऱ्याचे इंजिनही कधी कधी दुरुस्त होते, पण कशामुळे झाले ते त्याला कळत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप बंद पडला की औषधाने भिजलेल्या हातांनीच प्लग काढणे, तापल्या सायलेन्सरजवळ पेट्रोल सांडणे, हे शिवारात सर्रास घडते. आधी हात साबणाने धुवावेत, पंप उतरवून निवू द्यावा.

मराठवाड्यातल्या मागच्या पिढीचा अनुभव याहून थोडा वेगळा. विहिरींवर डिझेल इंजिने होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली. डिझेलला ठिणगी लागत नाही, पण नळीत हवा धरली की ते बंद पडते, आणि ती हवा काढण्याचे कसब गावोगाव होते. पुढे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पंप आले. रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सियस या दरम्यान उकळते, त्यामुळे थंड इंजिनात त्याची पुरेशी वाफ होत नाही. घाई करून लवकर कळ फिरवली की इंजिन गुदमरे. म्हणून जाणते लोक बंद करतानाही शेवटची मिनिटे पेट्रोलवर चालवीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तयार असे. मायबाखचा प्रश्न शंभर वर्षांनी आपल्या विहिरीवर आला होता.

आता इंधनच बदलले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग २००१ साली झाले, त्यातले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे. जून २०२२ मध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. मोटारीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. लहान पंपाच्या जेटचे छिद्र मात्र ठरलेले असते. ते शुद्ध पेट्रोलसाठी कोरलेले असेल, तर मिश्रण विरळ पडते आणि इंजिन मंद गतीला अडखळते.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. थोडे पाणी मिश्रणात सामावते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीची नळी तळातून घेते. म्हणजे इंजिनाला पाणीदार आणि वंगणहीन द्रव मिळतो. तेव्हा ते नुसते बंद पडले तर नशीब. चालत राहिले तर दट्ट्या सिलिंडरला घासून चिकटतो आणि नवा सिलिंडर घ्यावा लागतो. फवारणीचा हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि तेल मिसळलेले पेट्रोल पुढच्या पावसाळ्यासाठी डब्यात साठवून ठेवू नये.