जोड नसलेले इंजिन

मोनॅकोची १९८४ सालची शर्यत एका माणसाच्या नावावर जमा झाली आहे. ३ जूनचा दिवस, कोसळता पाऊस, तेराव्या जागेवरून निघालेला चोवीस वर्षांचा आयर्टन सेना आणि दर फेरीला आलाँ प्रोस्तच्या मागे सरकत येणारी त्याची टोलमन गाडी. अधिकाऱ्यांनी शर्यत मध्येच थांबवली, निकाल एकतिसाव्या फेरीचा धरला आणि सेना दुसरा ठरला. पुढे तो जगज्जेता झाला, अकाली गेला, त्यामुळे ही कथा शेकडो वेळा सांगितली गेली. पण त्या गाडीत कोणते इंजिन होते, ते कोणी बांधले, तीन वर्षांपूर्वी त्या इंजिनाची काय दशा होती, याबद्दल बहुतेक लेखनात एखादे वाक्य सापडले तर सापडते. मला त्या वाक्याच्या मागे जायचे आहे.

इंजिनाचे नाव हार्ट ४१५टी. चार सिलिंडर, दीड लिटर, एक टर्बो. बांधणारा ब्रायन हार्ट, जन्म १९३६. डी हॅव्हिलंड या विमान कंपनीत आणि नंतर कॉसवर्थमध्ये उमेदवारी केलेला, स्वतः शर्यतीत गाड्या चालवलेला इंजिनियर. १९६९ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, हार्लो गावी त्याचा कारखाना होता. समोर उभे होते रेनॉ, फेरारी, बीएमडब्ल्यू आणि पुढे होंडा. हे सगळे मोटारी विकून पैसा मिळवणारे कारखानदार. हार्ट फक्त इंजिने बांधत असे, आणि त्याचे गिऱ्हाईक असलेली टोलमन कंपनी मूळची ट्रकवर लादून नव्या मोटारी पोचवणारी.

फॉर्म्युला वनचा नियम १९६६ पासून असा होता की साधे इंजिन घ्याल तर तीन लिटरचे, आणि हवा दाबून भरणारे घ्याल तर दीड लिटरचे. अकरा वर्षे दुसऱ्या पर्यायाकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. १९७७ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला रेनॉने पहिली टर्बो गाडी उतरवली. ती इतक्या वेळा धूर सोडत बंद पडली की इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणायला सुरुवात केली. १९७९ मध्ये दिजाँला तीच रेनॉ जिंकली आणि हसणारे गप्प झाले.

टर्बोची मूळ कल्पना सोपी आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरायची. हवा दुप्पट भरली की इंधनही त्या प्रमाणात जास्त जाळता येते. अडचण अशी की दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात शिरण्याआधी थंड करावी लागते. आणि आत होणाऱ्या प्रत्येक स्फोटाचा जोर वाढतो, तो इंजिनाच्या सगळ्यात कच्च्या जागी जाऊन धडकतो. ही जागा म्हणजे ब्लॉक आणि हेड यांमधला सांधा. तिथे एक पातळ गॅस्केट असते आणि सांधा बोल्टांनी आवळलेला असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला पोलादी बोल्ट असले की तापताना आणि निवताना सांध्यावरचा ताण सतत बदलत राहतो. एकदा का वायूने वाट काढली की पाणी सिलिंडरात आणि आग पाण्यात. गॅरेजमध्ये याला ‘गॅस्केट उडाले’ म्हणतात.

टोलमन आणि हार्ट फॉर्म्युला टूमधले राजे होते. १९८० ची युरोपीय स्पर्धा टोलमनच्या ब्रायन हेंटनने जिंकली, त्यांचाच डेरेक वॉरविक दुसरा आला, दोन्ही गाड्यांत हार्टचे दोन लिटरचे ४२०आर. वरच्या वर्गात जाताना सोपा रस्ता उपलब्ध होता. कॉसवर्थचे डीएफव्ही हे तीन लिटरचे भरवशाचे इंजिन पैसे टाकून मिळत असे आणि निम्मे मैदान तेच वापरत होते. टोलमनने तो घेतला नाही. हार्टने आपल्याच फॉर्म्युला टू इंजिनाचा अनुभव दीड लिटरात आणला आणि त्याला टर्बो लावला.

१९८१ मध्ये ते बारा शर्यतींत उतरले, प्रत्येक वेळी दोन गाड्या. म्हणजे चोवीस प्रयत्न. त्यांतून प्रत्यक्ष शर्यतीच्या रांगेत उभे राहता आले दोनदा! हेंटन मोंझाला, तो दहावा आला. आणि वॉरविक लास व्हेगासला, तो शर्यत पुरी करू शकला नाही. बाकी बावीस वेळा पात्रता फेरीतच घरी. गाडी जड होती, टायर नवखे होते, हे खरे. पण मुळावर घाव होता इंजिनाचा. ताकद कमी, उष्णता जास्त, आणि ताकद वाढवायला दाब वाढवला की तोच सांधा फुटायचा.

अशा वेळी श्रीमंत कारखाना काय करतो याचे उदाहरण बीएमडब्ल्यूत आहे. त्यांनी आपल्या रोजच्या मोटारीचा बिडाचा ब्लॉक घेतला. बीड जड असते, पण ताठ असते. खूप किलोमीटर धावून मुरलेले जुने ब्लॉक त्यांनी मुद्दाम निवडले, अशी गोष्ट हौसेने सांगितली जाते. त्या इंजिनावर नेल्सन पिकेने १९८३ चे अजिंक्यपद घेतले, टर्बोवरचे पहिले. हार्टकडे बिडाचा ब्लॉक नव्हता, आणि दर आठवड्याला डझनभर इंजिने फोडून शिकण्याइतके पैसेही नव्हते. त्याने सांधा बळकट करण्याचा नाद सोडला आणि सांधाच काढून टाकला. हेड आणि ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात. गॅस्केट नाही, हेडचे बोल्ट नाहीत, म्हणजे उडायला काही उरलेच नाही.

कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत मिलर आणि त्यामागून आलेल्या ऑफनहाउजर इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच तुकड्यात ओतलेले असत. १९६८ मध्ये बॉबी अन्सरने टर्बो लावलेल्या ऑफनहाउजरवर इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली, टर्बोचा तिथला तो पहिला विजय. सिलिंडर आणि हेड वेगळे नसले की दाब सोसतो, हे तिथे सिद्ध झालेले होते.

याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती कारागिराला मोजावी लागते. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह बघायचा तर वरून हेड उतरवले की काम झाले. एकसंध इंजिनात वरून वाटच नाही. क्रँक सोडायचा, पिस्टन खाली ओढून काढायचे आणि सिलिंडराच्या नळीतून हात घालून व्हॉल्व्हपर्यंत पोचायचे. व्हॉल्व्हची बैठक घासायची तीही त्याच अरुंद बोळातून. ओतकामात एक पोकळी राहिली तर ब्लॉक आणि हेड दोन्ही भंगारात. रात्रीतून इंजिन उभे करायचे असते तेव्हा हे सगळे तास मोजून द्यावे लागतात. तरीही हार्टचा हिशेब बरोबर होता, असे मला वाटते. दुरुस्तीला लागणारा वेळ आधी ठाऊक असतो. शर्यतीत गॅस्केट केव्हा जाईल ते कोणालाच ठाऊक नसते.

टर्बोही त्याने पुढे बदलला. गॅरेटच्या जागी होलसेट आला, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डचा, ट्रकच्या डिझेल इंजिनांसाठी टर्बो बनवणारा. ही कंपनी तोवर अमेरिकन कमिन्सची झालेली होती. कमिन्स म्हणजे १९६२ पासून किर्लोस्करांच्या जोडीने पुणेकरांच्या परिचयाचे नाव. मला हा तपशील आवडतो. माल वाहणाऱ्या कंपनीच्या शर्यतीच्या गाडीला मालवाहू ट्रकवाल्यांकडून टर्बो मिळाला.

फळ सावकाश आले. १९८२ मध्ये झांडफोर्टला सर्वांत वेगवान फेरी वॉरविकच्या नावावर लागली, पण मोसमाअखेर गुण शून्य. १९८३ मध्ये त्याच झांडफोर्टला वॉरविक चौथा आला आणि पहिले गुण मिळाले. मग शेवटच्या चारही शर्यतींत तो गुण घेऊनच आला. वर्षाचे एकूण गुण दहा, त्यांतला एक जोडीदार ब्रुनो जाकोमेल्लीचा.

गरिबीतून कल्पकता जन्मते, असे अशा कथांखाली लिहून टाकण्याचा मोह होतो. तो मी टाळतो, कारण आकडे तसे सांगत नाहीत. सांधा काढण्याची हिकमत नामी होती, पण दोन अख्खी वर्षे शून्य गुणांवर गेली. पैसा असता तर तीच वाट कदाचित काही महिन्यांत संपली असती. आणि दाब सोसणारे इंजिन मिळाले तरी ताकदीत मोठ्या कारखान्यांशी बरोबरी झाली नाही. मोनॅकोच्या पावसाने ही उणीव झाकली. निसरड्या रस्त्यावर कोणालाच पूर्ण ताकद लावता येत नव्हती. त्या दिवशी मैदानात एकच बिनटर्बोची गाडी होती, श्टेफान बेलोफची टिरेल. ती विसाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून निघून तिसरी आली. (टिरेलचे वर्षभराचे सगळे निकाल पुढे रद्द झाले, ती वेगळी कथा.) सेनाच्या कौशल्याला यातून काही कमीपणा येत नाही. इंजिनाचे श्रेय वेगळे आहे. १९८१ मध्ये पात्रता फेरीतच दम तोडणारे हे यंत्र त्या दिवशी एकतीस फेऱ्या कुरकुर न करता चालले. सेना त्याच वर्षी ब्रँड्स हॅच आणि एस्टोरिल इथे तिसरा आला, तेव्हा नुसत्या पावसावर बोट ठेवता येत नाही.

१९८५ उजाडले तेव्हा टोलमनकडे इंजिन होते, गाडी होती, पण टायर नव्हते. पिरेलीशी बिनसले होते, मिशलिन मैदान सोडून गेली होती. पहिल्या तीन शर्यती हुकल्या. बंद पडलेल्या स्पिरिट संघाचा टायरचा करार विकत घेऊन ते परतले. त्याच ऑगस्टमध्ये न्युर्बुर्गरिंगला तेओ फाबीने सर्वांत वेगवान पात्रता फेरी मारली आणि हार्टच्या चार सिलिंडरांचे इंजिन रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. रेनॉ, फेरारी, होंडा, बीएमडब्ल्यू, सगळे मागे. ती पहिली आणि शेवटचीच पहिली जागा.

तोवर संघ बेनेटन या कपडेवाल्यांनी विकत घेतला होता. पुढच्या वर्षी त्यांनी हार्टचे इंजिन सोडून बीएमडब्ल्यूचे, तेच बिडाच्या ब्लॉकचे, घेतले. १२ ऑक्टोबर १९८६ रोजी मेक्सिकोत गेरहार्ड बेर्गरने त्यावर संघाचा पहिला विजय मिळवला. हार्ट इंजिने बांधत राहिला. १९९३ मध्ये जॉर्डनसाठी त्याचे दहा सिलिंडरांचे बिनटर्बोचे इंजिन आले. २०१४ च्या जानेवारीत तो वारला. फॉर्म्युला वनच्या विजेत्या इंजिनांच्या यादीत त्याचे नाव नाही.