लोणारचा खार आणि काचेतले तळे

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची हकीकत लिहिली. तीत मेहकर सरकारातील लोणारच्या तळ्याविषयी थोडक्यात पण फार मार्मिक असा मजकूर आहे. डोंगरांनी वेढलेले हे तळे मोठे पवित्र स्थान मानले जाते, हे तो सांगतोच. पण बादशहाच्या वजिराचे लक्ष उत्पन्नाकडे. या तळ्यापाशी काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, सोराही निघतो आणि त्यावर सरकारात चांगला वसूल जमा होतो, अशी नोंद त्याने केली आहे. काच, साबण आणि सोरा हे तीन शब्द आम्ही प्रथम वाचले तेव्हा त्यांचे आम्हांला काहीच वाटले नव्हते. पुढे बुलढाण्यातील आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फूट लांबीची काचेची टाकी आली, तिच्यात आम्ही वनस्पती लावल्या, त्या मेल्या, पुन्हा लावल्या. आणि मग या तीन शब्दांत टाकीचा निम्मा इतिहास साठवलेला आहे असे ध्यानात आले.

आम्ही मूळचे वसईचे. घरामागे बावखल होते. हाताने खणलेले, माडांच्या सावलीतले ते गोडे पाणी. रहाट फिरे आणि वाडीला पाणी जाई. त्या पाण्यातील शेवाळ, शेवाळातून सुळकन् निघून जाणारे बारीक मासे आणि काठावरची ओली माती यांवाचून आमचे बालपण आठवतच नाही. नोकरीच्या निमित्ताने आम्ही बुलढाणा जिल्ह्यात आलो, येथेच रमलो. पण पाणी मात्र परके राहिले. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस, तर खारपाणपट्टाच आहे. विहीर खणावी आणि तोंडात घेववणार नाही असे पाणी लागावे. बुलढाणा शहर घाटावर आहे, त्याला पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी मिळते; परंतु उन्हाळ्यात नळ रुसले की बोअरच्या जड पाण्याशिवाय गत्यंतर नसते. अशा गावी घरात बावखल करण्याचा हट्ट आम्ही धरला. आमच्या मंडळींनी त्यास ‘पोरखेळ’ असे नाव दिले. ते अगदीच अयोग्य होते असे नाही.

काचेच्या पेटीत सजीव सृष्टी टिकू शकते हे माणसाला फार उशिरा कळले. १८२९ च्या सुमारास नॅथानिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या एका डॉक्टराने पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बरणीचे तोंड बंद केले. पतंगाचे राहिले बाजूला, बरणीत नेचा आणि गवत उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. काचेला लागलेली वाफ पाणी होऊन पुन्हा मातीत उतरत होती. या बरणीतून ‘वॉर्डची पेटी’ जन्मली. अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली आणि हिमालयाच्या पायथ्याशी लावली गेली. आपल्या सकाळच्या कपामागे अशी एक काचेची पेटी उभी आहे.

परंतु त्या काळी इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या आटोक्यात आली. पुढल्याच वर्षी ॲना थिन या बाईंनी लंडनमध्ये घरी प्रवाळ जिवंत ठेवले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीतील धर्माधिकारी. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. विज्ञानाच्या इतिहासात त्या मोलकरणीचे नाव कोठे आढळत नाही. हवेचा पंप मात्र आपण आज तिच्याच जागी लावतो.

पंपावाचून चालेल अशी तोड काढली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने दोन लहान गोल्डफिश आणि ‘वॅलिस्नेरिया’ नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, मासे तो घेतात. मासे जे सोडतात त्यावर वनस्पती वाढते. हिशेब कागदावर बिनचूक होता. तरीही पाणी गढूळ होऊ लागले, कारण कुजणाऱ्या पानांचा हिशेब कोणीच धरला नव्हता. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळले. हा वृत्तान्त त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि फिलिप गॉस याने १८५४ साली या विषयावर पुस्तक लिहिल्यावर तर घरोघरी टाक्या दिसू लागल्या.

वॅलिस्नेरिया ही काही परदेशी चीज नव्हे. आपल्या नद्या-तळ्यांत ती आहे. गवताच्या पात्यासारखी, लांब, फितीसारखी पाने. आपण हायड्रिला, वॅलिस्नेरिया आणि इतरही सगळ्यांना सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. उत्तर हिंदुस्थानात खांडसरीवाले हेच शेवाळ ओल्या साखरेवर पसरीत. त्याची ओल हळूहळू झिरपून मळी धुऊन नेई आणि साखर उजळे. वॅलिस्नेरियाचा संसारही पाहण्यासारखा असतो. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागी येते. नरफुले तळाशीच सुटतात, बुडबुड्यासारखी वर येऊन उमलतात आणि तरंगत तिच्यापाशी जातात. मग देठ मळसूत्रासारखा वळत फळाला खाली ओढून घेतो.

आपल्या पाणवनस्पतींचा व माशांचा शोध घेणाऱ्यांची आठवण येथे केली पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचा स्वतंत्र भाग असून कोणता मासा काय खातो याचे वर्णन आहे, सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. कर्नल साइक्स १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत हिंडला आणि त्याने येथील माशांना शास्त्रीय नावे दिली. गंमत अशी की, ती नावे त्याने आपल्या भोयांच्या तोंडून उचलली. मळ्या ‘गारा मुल्या’ झाला, शिंगाळा ‘सीनघाला’ झाला. लॅटिनच्या झग्याआड मराठी नाव तसेच आहे! वनस्पतींच्या बाजूने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे ऋण मोठे आहे. स्वित्झर्लंडहून १९०३ साली आलेल्या या धर्मगुरूंनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसृष्टीचे पुनर्लेखन केले. १९३४ साली ते पुण्यास निवर्तले. त्यांची परंपरा पुढे चालवणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर सांतापाऊ बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख झाले. महाविद्यालयातील ‘ब्लॅटर हर्बेरियम’मध्ये कागदावर चिकटवलेली वाळकी रोपे आजही अभ्यासकांची वाट पाहत असतात. वसईकडचे जे अनेक विद्यार्थी त्या दारावरून गेले, त्यांतले आत डोकावले किती, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो, कारण आम्हीही त्यांपैकीच!

आता आमच्या टाकीकडे वळू. पहिली चूक तळाशीच झाली. वनस्पतींना माती हवी म्हणून आम्ही एका स्नेह्यांच्या शेतातील काळी माती आणली आणि वर वाळू पसरली. कापसाला ही माती सोन्यासारखी. पण ती पाणी पिऊन फुगते आणि ढवळली की दिवसेंदिवस खाली बसत नाही. शिवाय तिच्यात चुनखडीचे पांढुरके खडे असतात, ते पाणी अधिकच जड करतात. खड्यावर व्हिनेगारचा थेंब टाकावा, फसफसला तर तो टाकीत घालू नये, ही साधी परीक्षा आम्हांला मागाहून कळली. काळा पाषाण मात्र निर्धोक. आपले अख्खे दख्खन त्याचेच आहे.

दुसरी चूक घाईची. टाकी भरली त्याच संध्याकाळी दुकानदाराने सुचवले म्हणून डझनभर मासे सोडले. आठवड्यात आठ मेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट; आणि नायट्रेट हे वनस्पतींचे खत. हे जिवाणू वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर रुजण्यास चार-सहा आठवडे लागतात. प्रथम वनस्पती, मग गोगलगायी, महिन्याने दोन-तीन मासे, हा क्रम वॉरिंग्टनच्या अनुभवाशी जुळणारा आहे. आणि अबुल फझलाचा सोरा म्हणजे तरी काय? तोही नायट्रेटच. जमिनीतील मलमूत्रापासून जिवाणूंनीच तो तयार केलेला. ते काम जिवाणूंचे आहे हे फ्रान्समध्ये १८७७ साली सिद्ध झाले. त्यापूर्वी शतकानुशतके माणूस सोरा खरवडून बंदुकीची दारू करीत होता, पण तो देणाऱ्याची त्याला ओळख नव्हती.

तिसरी चूक आम्हांला लोणारला घेऊन गेली. पहिल्याच उन्हाळ्यात टाकीतील पाणी रोज लोटाभर उडू लागले. आम्ही रोज बोअरचे लोटाभर पाणी घालून पातळी राखली आणि स्वतःवर खूश राहिलो. साठ लिटरची टाकी. अडीच महिन्यांत जवळजवळ साठ लिटर पाणी उडून गेले आणि तेवढेच भरले गेले. पण उडते ते निव्वळ पाणी. त्यातील क्षार मागेच राहतात. काचेच्या कडेला पांढरी खरपुडी धरली, नाजूक पानांची रोपे काळी पडून विरघळली. तग धरला तो वॅलिस्नेरियाने. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कर्ब घेण्याची युक्ती तिला साधते, म्हणून जड पाणी तिला सोसते.

त्याच सुमारास पाहुण्यांबरोबर लोणारला जाणे झाले. उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. काठावर धारेचे गोडे पाणी अखंड पडते आहे आणि खाली तळ्यात क्षारांचे हिरवट पाणी. आत येणारे झरे गोडे, मग तळे खारे का? कारण पाणी आत येते, बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी नेते आणि क्षार ठेवते. हजारो वर्षे हेच चालले आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोक तो खार गोळा करीत आणि त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. ‘पापडी’ हा शब्द वाचला आणि टाकीच्या कडेची ती पांढरी रेघ डोळ्यांपुढे आली. आम्ही बावखल करावयास निघालो होतो आणि अडीच महिन्यांत लोणार करून बसलो होतो!

त्या खारातला सोडाच वाळूला कमी आचेवर वितळवतो आणि तिची काच होते. आजही टाकीची काच वाळू, सोडा आणि चुना यांचीच असते. काचेला जे जन्म देते तेच काचेतील रोपाला मारते. लोणारचे तळेही काही निर्जीव नाही. त्या खाऱ्या पाण्यात सूक्ष्म हिरव्या जीवांची दाट वस्ती आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. ज्यांच्या नावाची ही संस्था, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीतील नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून काढला होता. त्याच २०२० साली लोणारचा रामसर पाणथळींच्या यादीत समावेश झाला.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी, मिस्साहून आल्यावर, टाकीतील चौथा हिस्सा पाणी काढतो आणि नवे भरतो. जून लागला की पत्र्यावरचे पावसाचे पाणी धरून ठेवतो. पहिल्या दोन सरींचे सोडून देतो, ते धुळीचे असते. एप्रिल-मे महिन्यांत गल्लीत टँकर येतो, बायाबापड्या हंडे घेऊन धावतात आणि आमच्या घरात पंधरा लिटर पाणी माशांसाठी बदलले जाते, हे मनाला बोचत असे. आता ते काढलेले पाणी वाया जात नाही. नायट्रेटमिश्रित ते पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला आणि शेजारच्या ताईंच्या तुळशीला जाते. कढीपत्ता तर असा फोफावला आहे की गल्लीची फोडणी आमच्यावर चालते. तरीही अवर्षणाच्या वर्षी टाकी अर्ध्यावर आणावी लागली, आणि तेव्हा आमच्या मंडळींनी जे बोलून दाखवले ते खरेच होते.

मासे वाढले की ‘नदीत सोडा’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. हायड्रिला आपल्याकडची, १९५० च्या दशकात टाक्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात गेली आणि तेथील कालवे तुंबले. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून आली आणि आपली तळी गिळून बसली. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आता उजनीच्या जाळ्यांत सापडतो. कोळ्याला त्याचा पैसा येत नाही, जाळे मात्र फाटते. पैनगंगा येथून उगम पावते, तिच्या मुखी आपल्या टाकीतील उष्टे घालू नये.

गेल्या नाताळात आम्ही वसईस गेलो. वॅलिस्नेरियाला धुमारे फुटून टाकी दाट झाली होती. चार रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. मनात असे की, ही आपल्याच देशातली वनस्पती, बावखलाच्या एका कोपऱ्यात लावून पाहावी. थोरले बंधू म्हणाले, “अरे, कुठे लावतोस? परसात जाऊन ये एकदा.” परसात गेलो. बावखल भरून टाकले होते. वर मुरूम पसरला होता आणि पुतण्याची मोटार उभी होती. रहाटाचे दगडी खांब मात्र भिंतीशी टेकवून ठेवलेले दिसले. वहिनींनी एक रुंद काचेची बरणी शोधून काढली. तिच्यात वाळू घालून आम्ही ती चार रोपे लावली आणि बरणी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकीत ठेवली.